काट्यावरची पिवळी ओळ
उन्हात तापलेल्या कांद्याचा वास आला की मला लासलगावजवळचा तो वजनकाटा आठवतो. काट्याचा प्रोग्राम मीच लिहिला होता. तो सुरू केला की स्क्रीनवर एक पिवळी ओळ यायची, की यात वापरलेली एक जुनी पद्धत प्रोग्रामिंगच्या भाषेच्या पुढच्या आवृत्तीत बंद होणार आहे. इशारा माझ्यासाठी होता, पण दिसायचा काट्यावरच्या काकांना. इंग्रजी येत नसूनही ते ती ओळ अक्षर न अक्षर वहीत उतरवायचे आणि रोज सकाळी मला फोन करायचे. "साहेब, पिवळं आलंय. काय बिघडलं नाय ना?" शेवटी वैतागून मी ती ओळ दिसायचीच बंद केली. काकांनी खूश होऊन चहा पाजला. पुढच्या वर्षी काट्यावर नवा कॉम्प्युटर आला, त्यात त्या भाषेची नवी आवृत्ती होती, आणि ऐन लिलावाच्या वेळी प्रोग्राम बंद पडला. मी नाशिकहून पोचलो तेव्हा धुळीत ट्रॅक्टरांची लांब रांग लागली होती आणि शेतकरी काकांवर ओरडत होते. मला बघून काकांनी जुनी वही उघडली. "हेच सांगत होतं का ते?" हेच होतं. तेव्हापासून असे इशारे मी फक्त माझ्याच स्क्रीनवर येऊ देतो. रोज वीस-पंचवीस येतात. वाचायचा कंटाळा येतो, आणि सकाळी फोन करणारं आता कोणी नाही.