टोचलं आणि टोचून घेतलं

इस्मेनिया फिप्सबाईंचं इंग्रजी शाळेतलं नव्हतं, घरातलं होतं. त्यांचा आजा सेंट किट्स बेटावरून ऊस तोडायला म्हणून आला आणि कोन्सुएलो गावच्या साखर कारखान्यालाच चिकटला. बाप पुढे तिथेच वजनकाट्यावर लागला. घरात इंग्रजी, उंबऱ्याबाहेर स्पॅनिश. लहानपणी गल्लीतली पोरं त्यांना 'बेटवाली' म्हणून चिडवायची. त्याच बेटवाल्या इंग्रजीवर पुढे बाईंचं पोट चाललं.

बोका चिका गावाच्या मागच्या अंगाला एका अमेरिकन बेसबॉल क्लबाची अकादमी होती. देशभरातून उचललेली साठेक पोरं तिथे राहायची, खेळायची, वजन वाढवायची आणि विमानाची वाट बघायची. बाई त्यांना चौदा वर्षं इंग्रजी शिकवत होत्या. दुपारी भात, राजमा आणि कोंबडी पोटात ढकलून पोरं वर्गात यायची आणि पेंगायची. बाई त्यांना उभं करून घोकवून घ्यायच्या: चेंडू माझा आहे. माझा खांदा दुखतोय. मला भूक लागली आहे. एवढ्या भांडवलावर काही पोरं उत्तरेला, अमेरिकेत जाऊन मोठी झाली होती. बाकीची परत आली होती.

अकादमीचा प्रमुख ब्रीतो नावाचा माणूस होता. एकेकाळचा खेळाडू, आता पोट सुटलेला, बोलताना समोरच्याच्या दंडाला हात लावून तो चाचपायची सवय असलेला. बैल बाजारात बघतात तसा. दर मंगळवारी क्लबाची पांढरी गाडी निवडक पोरांना घेऊन राजधानीतल्या एका दवाखान्यात जायची. 'जीवनसत्त्वं' द्यायला, असं ब्रीतो सांगायचा. बाईंनी कधी खोलात जाऊन विचारलं नाही. मंगळवारी वर्ग अर्धा रिकामा राहायचा म्हणून त्यांनी परीक्षा बुधवारी घ्यायला सुरुवात केली, इतकंच.

मग त्या दवाखान्यातल्या नर्सचं डॉक्टरशी बिनसलं आणि तिनं रुग्णांची वही नेऊन वर्तमानपत्राला दिली. वहीत ताकद वाढवायची, बंदी असलेली औषधं टोचलेल्या खेळाडूंची अकरा नावं निघाली. त्यांतले दोघे उत्तरेत खेळणारे तारे होते. गावोगावच्या दुकानांत रमच्या बाटल्यांच्या वर त्यांची चित्रं लावलेली असायची. उरलेले नऊ जण बाईंच्या वर्गातले.

हे सगळे क्लब जिच्या नियमांखाली खेळायचे त्या अमेरिकन लीगनं चौकशीला माणूस पाठवला. हॅस्केल त्याचं नाव. पूर्वी पोलिसात गुप्तहेर होता. अतिशय सभ्य. दार उघडून धरायचा, बाईंना 'मिस फिप्स' म्हणायचा, आणि प्रत्येक पोराशी हात मिळवला की खिशातली बाटली काढून तळव्यांना जंतुनाशक चोळायचा. पोराच्या समोरच. दुभाषी म्हणून लीगनं बाईंनाच घेतलं. ब्रीतोनंच त्यांचं नाव सुचवलं होतं.

पहिल्या सकाळी हॅस्केलनं त्यांना नियम समजावून सांगितले. अकादमीतल्या प्रत्येक पोरानं करारावर सही केली आहे. लीगनं विचारलं की उत्तर द्यायचं, मागितला की फोन हवाली करायचा. नाही म्हटलं तर तोच गुन्हा, मग लघवीत काही सापडलेलं असो वा नसो. या नऊ जणांच्या लघवीत काहीच सापडलेलं नव्हतं. त्या दोन ताऱ्यांचं काय, असं बाईंनी विचारलं. त्यांची युनियन आहे, हॅस्केल म्हणाला. ते वकील घेऊन बसतील, शिक्षा झाली तर लवादाकडे जातील आणि निकाल लागेपर्यंत खेळत राहतील. अकादमीतली पोरं युनियनमध्ये येत नाहीत. हे त्यानं हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसं सांगितलं.

जबाब घ्यायला खोली दिली होती ती ब्रीतोचीच. भिंतीवर ब्रीतो त्या दोघांपैकी एका ताऱ्याच्या गळ्यात हात टाकून हसत होता, आणि त्याच्याखाली बसून पोरं उत्तरं देत होती. ब्रीतो स्वतः बाहेर व्हरांड्यात येरझारा घालत होता. त्याच्या बुटांचा आवाज आत येत होता.

दोन दिवसांत नऊही पोरं झाली. नववा रोसमेल. हातो मायोरचा, वीस वर्षांचा, लांब हातांचा पिचर. इंग्रजीत त्याला 'तो' आणि 'ती' यांतला फरक तीन वर्षांत कळला नव्हता, पण चेंडू टाकायला लागला की मैदानाबाहेरची कामकरी माणसंसुद्धा हातातलं टाकून बघत राहायची.

त्याला विचारलं तेव्हा त्यानं सरळ सांगून टाकलं. "मंगळवारी ब्रीतोसाहेबांनी गाडीत बसवलं. तिथं डॉक्टरनं पँट खाली घ्यायला लावली आणि टोचलं. मी विचारलं, हे काय आहे? तर म्हणाला, जीवनसत्त्व आहे, तुझ्या आईनं तुला पाजलं नाही ते."

बाईंनी शब्दाला शब्द लावून ते इंग्रजीत सांगितलं. आईचंही. हॅस्केल मान हलवत टाइप करत राहिला.

तिसऱ्या दिवशी जबाब छापून आले. इंग्रजीत. बाईंनी ते पोरांना स्पॅनिशमध्ये वाचून दाखवायचे, पोरानं सही करायची, आणि खाली 'जबाब बरोबर आहे' म्हणून बाईंनी. हॅस्केलला संध्याकाळचं विमान गाठायचं होतं. पोरं एकेक करून आत येत होती, सह्या करत होती, खेळायला पळत होती. बाई झरझर वाचत होत्या. कोण कुठल्या तारखेला गेला, किती वेळा गेला. आठ झाले.

रोसमेलच्या कागदाशी मात्र त्या अडखळल्या. तिथे लिहिलं होतं: 'मी राजधानीतल्या दवाखान्यात गेलो आणि टोचून घेतलं. ते काय आहे याची मी खात्री करून घेतली नाही.' त्यांनी कागद उलटून मागे पाहिलं. मागे काही नव्हतं.

"तो असं म्हणाला नाही," बाई म्हणाल्या.

"हा गोषवारा आहे, मिस फिप्स. शब्दन् शब्द नव्हे."

"मग गोषवाऱ्यात गाडी कुठं गेली? ब्रीतो कुठं गेला?"

"गाडी लीगच्या अधिकारात येत नाही," हॅस्केल शांतपणे म्हणाला. "ब्रीतो क्लबाचा नोकर आहे, त्याचं क्लब बघेल. माझ्या अधिकारात खेळाडू येतो."

"त्याला टोचलं. त्यानं टोचून घेतलं नाही. या दोन्हींत फरक आहे."

"सुई तर एकच ना?" तो म्हणाला आणि हसला. चांगला विनोद केल्यासारखा.

त्याच क्षणी बाईंना आधीचे आठ कागद आठवले. त्यांतही हेच होतं. 'टोचून घेतलं.' आठही वेळा त्यांनी ते स्वतःच्या तोंडानं वाचलं होतं, पोरांनी माना हलवल्या होत्या, खाली त्यांनी सही केली होती. त्या म्हणाल्या, ते आठ मला परत बघायचे आहेत. हॅस्केलनं टेबलावरच्या जाड पाकिटाकडे बोट दाखवलं. पाकीट चिकटवून झालं होतं.

रोसमेल समोर बसून दोघांच्या तोंडांकडे बघत होता. बाईंनी त्याला स्पॅनिशमध्ये सांगितलं की यात ब्रीतोचं नाव नाही, सगळं तुझ्या अंगावर टाकलंय. त्याला नवल वाटलं नाही.

"बाई, सही करून टाका ना," तो म्हणाला. "सहकार्य केलं तर पन्नास सामन्यांची बंदी, नाही केलं तर शंभर. ब्रीतोसाहेबांनी काल जेवताना सगळ्यांना सांगितलंय."

"पण तू असं बोललास का रे?"

"मी काय बोललो ते घेऊन काय करू? मला खेळायचंय."

त्यानं पेन उचललं आणि मोठ्या अक्षरांत, जीभ दातांत धरून, सही केली. बाईंना वाटलं, उठावं आणि निघून जावं. पण त्या गेल्या तर पोराचा जबाब अर्धवट राहणार, आणि अर्धवट म्हणजे असहकार. शेवटी त्यांनी सही केली आणि सहीखाली आपल्या अक्षरात तीन ओळी लिहिल्या: याला ब्रीतो यांनी क्लबाच्या गाडीतून नेलं. डॉक्टरनं टोचलं. हा विचारत होता, त्याला खोटं सांगितलं गेलं.

हॅस्केलनं त्या ओळी वाचल्या. तो चिडला नाही. "तुमचा हक्क आहे," म्हणाला. कागद मात्र त्यानं त्या आठांत मिसळला नाही. वेगळ्या पाकिटात घातला, आणि तळव्यांना जंतुनाशक चोळलं.

तीन आठवड्यांनी निकाल आले. आठ जणांना पन्नास सामन्यांची बंदी. रोसमेलला शंभर, कारण चौकशीत त्याचं सहकार्य 'अपुरं' ठरलं. क्लबानं त्याच दिवशी त्याचा करार संपवला. खोली रिकामी करायला दुपारच्या जेवणापर्यंत वेळ दिला, आणि जेवायला मात्र बसू दिलं नाही. तो आता खेळाडू नव्हता ना.

ताऱ्यांपैकी एकजण लवादाकडे गेला आणि खेळत राहिला. दुसऱ्याच्या वकिलांनी तडजोड केली. त्याला पुढचा अर्धा मोसम बंदी झाली. त्या अर्ध्या मोसमात त्याच्या खांद्याची शस्त्रक्रिया ठरलेली होती, तो तसाही खेळणार नव्हता. वर्तमानपत्रांनी लीगच्या कडकपणाचं कौतुक केलं. बाईंना हॅस्केलचं आभाराचं पत्र आलं. त्यांनी ते अंगणात नेऊन जाळलं, तर नवरा, चागो, म्हणाला की कागद जाड आहे, त्याच्यावर मासे तरी साफ केले असते. बाईंना हसू आलं नाही.

महिन्याभरात लीगनं 'स्वच्छ खेळा'ची मोहीम काढली. प्रत्येक अकादमीत पोरांनी इंग्रजीतून शपथ घ्यायची, आणि तिथला एक मार्गदर्शक नेमायचा. या अकादमीचा मार्गदर्शक म्हणून ब्रीतोला नेमलं. तो नवीन टोपी घालून बाईंच्या वर्गात आला, फळ्याजवळ उभा राहिला आणि म्हणाला, "घ्या बाई, पोरांकडून पाठ करून घ्या." पहिल्या बाकावरच्या पोराच्या दंडाला त्याचा हात गेलेलाच होता.

बाईंनी शपथेचा कागद हातात घेतला. माझ्या शरीरात काय जातं याला मीच जबाबदार आहे, अशी पहिली ओळ होती. त्यांनी कागद टेबलावर पालथा ठेवला आणि फळ्यावर दुसरीच वाक्यं लिहिली. मी हे बोललो नाही. मला हे माझ्या भाषेत लिहून द्या. मला वकील हवा. वाचल्याशिवाय मी सही करणार नाही.

पोरांनी नेहमीच्या सुरात घोकलं. ब्रीतोला इंग्रजी बेताचं यायचं, पण वकील हा शब्द त्याला कळला. त्याचा हसरा चेहरा तसाच राहिला, फक्त मान लाल झाली. मागून एका पोरानं हात वर केला.

"बाई, असं म्हटलं तर काढून टाकतील ना?"

"हो," बाई म्हणाल्या. "काढून टाकतील."

"मग हे शिकायचं कशाला?"

बाईंनी पोरांकडून वाक्यं आणखी दोनदा म्हणून घेतली. दुसऱ्या दिवशी फाटकावरच्या पहारेकऱ्यानं त्यांना आत सोडलं नाही. चौदा वर्षं रोज 'कशा आहात बाई' म्हणणारा तो माणूस त्या दिवशी जमिनीकडे बघत बोलला.

नाताळाच्या आधी एकदा बाई बस पकडून हातो मायोरला गेल्या. रोसमेल संत्र्यांच्या बागेत कामाला लागला होता. दुपारचा घरी आलेला होता. त्याच्या आईनं कॉफी केली, खुर्ची पुसून दिली, अकादमीतल्या बाई आल्या म्हणून शेजारणीला हाक मारली. रोसमेल दारातच टेकून उभा राहिला. बाईंनी त्याला सांगितलं की दुसऱ्या एका क्लबाच्या माणसाशी बोलते. तो म्हणाला, बंदी लागलेल्याला कोण हात लावतंय.

"एक विचारू का, बाई?" तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. "त्या आठ जणांच्या वेळी तुम्ही काही लिहिलं नाहीत. माझ्याच वेळी कसं सुचलं?"

"त्यांचे कागद मी नीट वाचले नव्हते," बाई म्हणाल्या. खरं तेच होतं.

त्यानं मान हलवली. त्याची आई आत साखर शोधत होती. "म्हणजे नीट वाचले असते, तर सगळ्यांना शंभर," तो म्हणाला आणि दारामागची टोपी घेऊन बागेकडे निघाला.

घरी आल्यावर बाईंनी लीगला पत्र लिहिलं. आठही जबाबांत पोरांचे शब्द बदललेले आहेत, मी बेसावधपणे सह्या केल्या, माझी साक्ष घ्या. एवढंच. दीड महिन्यानं उत्तर आलं. प्रकरण बंद झालं आहे. दुभाष्यानं बरोबर म्हणून प्रमाणित केलेले जबाब पुन्हा उघडायची तरतूद नाही. सोबत आठही जबाबांच्या शेवटच्या पानांच्या प्रती जोडल्या होत्या, त्यांच्याच सह्यांच्या.

बाई आता हुआन दोलिओच्या किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात खोल्या आवरणाऱ्या बायकांना इंग्रजी शिकवतात. दुभाषीपण त्यांनी सोडलं. कोपऱ्यावरच्या दुकानात सामना लागलेला असला आणि पडद्यावर तो खांदा बरा झालेला तारा आला की लोक टेबलं बडवतात. बाई तेव्हा तेल घ्यायला गेलेल्या असल्या तर तेल न घेताच परत येतात.