सतरा नंबरचा बिल्ला

आमच्या खाणीच्या इतिहासाचं जाडजूड पुस्तक निघालंय. त्यात यंत्रं आहेत, मॅनेजर आहेत, त्यांच्या मिश्या आहेत. माझी आत्या नाही. म्हणून मी हे लिहितोय, आणि रागातच लिहितोय.

आत्या दिव्यांच्या खोलीत कामाला होती. खाली उतरणारा प्रत्येक जण तिच्या खिडकीत पितळी बिल्ला द्यायचा आणि दिवा घ्यायचा. वर आल्यावर दिवा द्यायचा, बिल्ला घ्यायचा. बिल्ला ज्याचा त्याच्याच हातात, हा तिचा खाक्या. दिवा विसरून येणाऱ्याची ती अशी हजेरी घ्यायची, की धिप्पाड गडीसुद्धा तिच्या खिडकीशी मांजर व्हायचे.

एका दुपारी खालच्या बोगद्यात पाणी फुटलं. माणसं धावतपळत वर आली. बेचाळीस दिवे गेले होते, बेचाळीस परत आले. बाकीची खाण वाचवायला मॅनेजरनं बोगद्याचं लोखंडी दार लावायचा हुकूम दिला. आत्यानं बिल्ले टांगायच्या भिंतीकडे पाहिलं. सतराव्या खिळ्यावर बिल्ला तसाच होता.

मॅनेजर म्हणाला, "दिवा आलाय ना बाई? मग माणूसही आला. गडबडीत घरी गेला असेल."

"माझ्याकडून बिल्ला न घेता आजवर कोणी घरी गेलेलं नाही, साहेब."

आणि दार लावणारे पोचायच्या आत ती खाणीच्या लिफ्टमध्ये मांडी ठोकून बसली. "आधी माणूस, मग दार."

तेव्हा गर्दीतला एक खोदणारा पांढराफटक पडला. "बाई, दोन दिवे मीच आणले. सतराचा दिवा वळणावर टांगलेला दिसला. वाटलं, तो पुढे पळाला आणि दिवा विसरला. तुम्ही त्याला झापाल म्हणून मी उचलला."

सतरा नंबर पहार आणायला बाजूच्या फाट्यात शिरला होता. त्याचा उजेडच मित्रानं उचलून आणला होता.

तोच खोदणारा चौघांना घेऊन खाली उतरला. दीड तास आत्या बिल्ला मुठीत धरून उभी होती. छातीभर पाण्यात, लाकडी टेकूला मिठी मारून बसलेला सतरा नंबर जिवंत वर आला, तेव्हा सगळी पाळी टाळ्या वाजवत होती.

"द्या, मी देतो त्याला," मॅनेजरनं हात पुढे केला.

"त्याला खिडकीशी येऊ द्या."

तो निथळत आला. आत्यानं बिल्ला त्याच्या तळहातावर ठेवला, आणि तो हात बराच वेळ सोडला नाही. "पुन्हा दिवा टांगून गेलास तर गाठ माझ्याशी आहे," ती रडत म्हणाली.

पुस्तकात त्या वर्षापुढे एवढंच छापलंय: पाणी फुटले, मृत्यू शून्य. ते शून्य माझ्या आत्याचं आहे.