पाण्याच्या वाफेचा दाब

उद्या गार्गीचा बारावीचा रसायनशास्त्राचा पेपर. माझी लेक टेबलाशी गणित सोडवत होती. मी कॉलेजात हाच विषय शिकवतो, म्हणून मागे उभा राहून बघत होतो. पाण्यावर बाटलीत गोळा केलेल्या वायूचा दाब काढताना तिने नेहमीची चूक केली: पाण्याच्या वाफेचा दाब वजा करायचा राहिला. वाफ दिसत नाही, म्हणून विसरली जाते. पण बाटलीतला प्रत्येक वायू आपण एकटेच असल्यासारखा दाब देतो, आणि काचेला सगळ्यांची बेरीज सोसावी लागते.

अभ्यासावरून तिची आई बोलते, क्लासचे सर बोलतात. मी वर्षभर एक शब्द बोललो नाही, याचा मला केवढा अभिमान!

तिची पेन्सिल थांबली.

"बाबा, चुकलंय ना?"

"मी कुठे काय म्हणालो?"

"तुम्ही म्हणत नाही हो, श्वास रोखता. ऐकू येतं मला. जरा बाहेर बसा ना."

नुसत्या बघण्याचाही दाब असतो, हे मला कळायला हवं होतं. विषय माझाच होता.

मी गॅलरीत जाऊन बसलो. बऱ्याच वेळाने आतून खोडरबराचा आवाज आला. उठून बघायला जाऊ नये म्हणून मी खुर्चीचे हात घट्ट धरून ठेवले.