केक वाचणाऱ्या सेलिना मॅडम

नाताळच्या आधीच्या आठवड्यात सेलिना मॅडम ऑफिसात आल्या की पर्समधून एक फूटपट्टी आणि एक चमचा काढून टेबलावर ठेवत. ड्रायव्हर लोक त्यांच्यासाठी केक आणत, त्याची ही तयारी. पहिल्या वर्षी मला वाटलं, बाई शिस्तीच्या दिसतात, सगळ्यांना मोजून सारखे तुकडे देत असतील. मी आपल्या बशा धुऊन आणल्या. मॅडमनी पहिला डबा उघडला, केकला हात न लावता डब्याच्या चारी भिंती निरखल्या, डावीकडे फूटपट्टी लावली आणि समोर हसतमुखाने उभ्या असलेल्या साताऱ्याच्या ड्रायव्हरला म्हणाल्या, "दोन इंच सरकलाय. घाटात उजव्या वळणावर कोण मागे लागलं होतं मॅन, पोलीस की बायको?"

"मॅडम, केक आहे तो," ड्रायव्हर गडबडून म्हणाला. "हॅपी ख्रिसमस."

"सेम टू यू. वळणावर गाडी हळू घे."

मग भिंतीला लागलेली क्रीम चमच्याने खरवडून त्यांनी तोंडात टाकली. त्यांना शुगर होती. त्यामुळे दर डब्यामागे ही एक चमचा क्रीम, एवढाच त्यांचा नाताळ. उरलेला केक हमालांत आणि आमच्यात वाटला जाई, आणि काही डबे माझ्याबरोबर वरळीला आमच्या बीडीडी चाळीतही येत. आमच्या मजल्यावरच्या पोरांना कित्येक वर्षं वाटत होतं की केक हा मुळात चेपलेलाच असतो.

भायखळ्याला भाजी मार्केटच्या मागच्या गल्लीत आमची ट्रान्स्पोर्ट कंपनी. मी बी.कॉम. होऊन तिथे चिकटले ती बिल्ट्या लिहायला, म्हणजे कोणत्या गाडीत कोणाचा काय माल भरला त्याचे कागद करायला. मॅडमचं काम गाड्या लावायचं. कोणता ड्रायव्हर कोणती गाडी घेऊन कोणत्या गावाला जाणार, हे त्या ठरवत. ऐकायला सोपं वाटतं. पण लक्ष्मीपूजनाला माणूस आपल्या घरी फराळाला बसणार की वापीच्या गोदामाबाहेर ताडपत्रीच्या सावलीत वडापाव खाणार, हे त्या एका बाईच्या हातात होतं. ठेंगणी मूर्ती, बॉबकट, फुलाफुलांचा फ्रॉक, गळ्यात क्रूस. गिरगावातल्या एका वाडीत त्यांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं घर. समोर सहा फुटी ड्रायव्हर शाळेतल्या मुलांसारखे उभे राहत आणि मॅडम मान वर करून त्यांना झापत. "माझ्याकडे दोनच गोष्टी मिळतात," त्या म्हणत. "गाडी आणि शिव्या. गाडी नंबराने मिळेल. शिव्यांना नंबर लागत नाही."

अशा बाईला खूश ठेवावं असं ड्रायव्हरांना वाटणं साहजिकच होतं. दिवाळीला साताऱ्याचे कंदी पेढे येत, नाशिकहून चिवडा येई, सोलापूरकर चादर घेऊन येत. मॅडम सगळं आल्या गाडीने परत पाठवत. "आज पेढा खाल्ला तर उद्या तुला सातारा द्यावा लागेल," हे कारण. पण एका वर्षी एक जुना ड्रायव्हर हट्टालाच पेटला. म्हणाला, "मॅडम, दिवाळीत तुम्ही आमच्या हातावर लाडू ठेवता, तो आम्ही परत करतो काय? मग तुमच्या सणाला आमचं का नको?"   शेवटी तह झाला: फक्त नाताळला, आणि फक्त केक.

त्यात त्यांनी दोन अटी घातल्या. केक जिथे गाडी भरली त्या गावचा हवा. आणि तो शेजारच्या सीटवर, बेकरीचं नाव समोरच्या काचेकडे करून ठेवून आणायचा. ड्रायव्हरांनी समजून घेतलं की ख्रिश्चन लोकांत केक असाच आणायची रीत असणार. ते ती श्रद्धेने पाळत. एक जण तर केक आणताना कऱ्हाडपासून भायखळ्यापर्यंत चपला काढून गाडी चालवत आला. त्याच्या केकवर "हॅपी बर्थडे" लिहिलेलं होतं. मॅडमनी भुवया उंचावल्या, तर तो म्हणाला, "येशूचा बड्डेच ना मॅडम?" मॅडमनी मुकाट चमचा उचलला.

केक डब्याच्या कुठल्या भिंतीला चेपला त्यावरून मॅडम गाडी कशी चालवली ते ओळखतात, ही खरी भानगड हळूहळू ड्रायव्हरांच्या लक्षात आली आणि मग गंमत सुरू झाली. एकाने केक दादरला घेऊन पुण्याचा म्हणून दिला. मॅडमनी डब्याच्या बुडाला चिकटवलेला बेकरीचा पत्ता वाचून दाखवला. एकाने तो मासळीच्या बर्फात ठेवून आणला. तो केक आमच्या हमालांनीही नाकारला. एकाने सुका प्लम केक आणला, ज्याच्यावर कसलीच खूण उठत नाही. "मुका आहे हा," म्हणून मॅडमनी तो बाजूला सारला. एका नाशिककराचा केक आरशासारखा गुळगुळीत आला, पण गाडी पाच तास उशिरा आली. "केकला शंभर मार्क, मालाला शून्य," मॅडम म्हणाल्या. पुढे सगळ्या गाड्यांना जीपीएस बसलं. कंपनीचे मालक, आमचे शेठ, कौतुकाने स्क्रीन दाखवायला आले, तेव्हा मॅडम म्हणाल्या, "हे गाडी कुठे आहे ते सांगतं. कशी आहे ते केक सांगतो."

या परीक्षेत दर वर्षी पहिला नंबर ठरलेला असे. नाना शेलार, कोल्हापूर लाइनचे सगळ्यांत जुने ड्रायव्हर. आख्ख्या कंपनीत मॅडम अहोजाहो करत ते एका नानांना. त्यांचा केक बेकरीच्या काचेतून नुकताच उचलल्यासारखा असे. मॅडम इतरांना बोलावून तो डबा दाखवत आणि नाना मिशीतल्या मिशीत हसत बाजूला उभे राहत. नानांच्या आयुष्यात बक्षीस म्हणून दुसरं काही मिळाल्याचं मी ऐकलेलं नाही.

त्या वर्षी नाना नेहमीसारखे सकाळी सातला आले आणि डबा टेबलावर ठेवला. मॅडमनी हसत झाकण उघडलं आणि त्यांचं हसू गेलं. केक पुढच्या भिंतीवर जाऊन पार चेपला होता. डाव्या-उजव्या भिंती मात्र स्वच्छ.

"कुत्रं आडवं आलं," नाना आपणहून म्हणाले.

मॅडमनी फूटपट्टीला हात लावला नाही. खिडकीकडे बोट करून त्या म्हणाल्या, "नाना, समोर गेटपाशी गाडी उभी आहे, तिचा नंबर वाचा बघू."

नानांनी तिकडे पाहून घडाघडा नंबर म्हटला. तो त्यांच्या स्वतःच्या गाडीचा नंबर होता. त्यांची गाडी दर खेपेला तिथेच लागे. त्या दिवशी नाना आत येईपर्यंत हमालांनी ती मागे नेऊन तिथे दुसरी उभी केली होती, आणि रंगही निराळा होता.

 मग मॅडम अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "वळणं छान घेतलीत. हात तसाच आहे. ब्रेक उशिरा लागतोय, कारण समोरचं उशिरा दिसतंय. किती दिवस चाललंय हे?"

"मॅडम, शेठला कळलं तर मला परत स्टेअरिंग मिळायचं नाही," नाना म्हणाले. ते खरंच होतं. डोळ्यांमुळे खाली उतरवलेल्या ड्रायव्हरला शेठ पुन्हा गाडी देत नसत. "घाट मला पाठ आहे. डोळे मिटून उतरीन."

"तेच करताय तुम्ही. आजपासून तुमची गाडी लागणार नाही."

नानांनी डब्याचं झाकण लावलं. "बारा वर्षं मी तुम्हाला केक आणतोय," ते म्हणाले. "भेट म्हणून आणतोय. आज त्याच केकवरनं तुम्ही माझी गाडी काढली."

ते निघून गेले. त्या दिवशी मॅडमनी चमचा वापरला नाही. दुपारी मला म्हणाल्या, "सुजाता, माझं काही चुकलं का?" मी नाही म्हटलं. चूक नव्हतीच. पण नानांचा चेहरा डोळ्यांसमोरून जात नव्हता, त्यामुळे माझं "नाही" काही ठाम निघालं नाही.

मॅडमचं एक आवडतं वाक्य होतं: "खोटं बोलायचं तर पूर्ण बोल, अर्धं मला पुरत नाही." त्या स्वतः शेठशी पूर्ण खोटं बोलल्या. आपली तब्येत बरी नसते, काही महिने हाताखाली माणूस हवा, आणि नानाच हवेत, असं त्यांनी सांगितलं. वर्षानुवर्षं मदतनीस नाकारणारी बाई आपणहून मागते आहे म्हटल्यावर शेठ घाबरून हो म्हणाले. नानांना दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. वाडीतली एक नर्स परळच्या एका हॉस्पिटलात होती, तिला धरून मॅडमनी एका डोळ्याचं आणि मग दुसऱ्याचं ऑपरेशन करून घेतलं. मधल्या तीन महिन्यांत नाना काळा चष्मा लावून मॅडमच्या शेजारच्या खुर्चीत बसत आणि कामापलीकडे त्यांच्याशी एक अक्षर बोलत नसत.

गाड्या लावण्यात मात्र नानांनी कहर केला. ज्याने म्हणून फोनवर आई आजारी, बारसं, जत्रा असं काही सांगितलं, त्याला त्यांनी त्याचं गाव देऊन टाकलं. एके दिवशी साताऱ्याला तीन गाड्या निघाल्या आणि सुरतेचा माल गोदामातच राहिला. सुरतेहून फोनवर फोन आले. मॅडमनी ते सगळे स्वतः घेतले, शिव्या खाल्ल्या आणि नानांना काही म्हटलं नाही. फोन ठेवून फक्त एवढंच बोलल्या, "त्या तिघांतल्या एकाचीच आई आजारी आहे. कोणाची ते ओळखायला मला पंधरा वर्षं लागली."  दुसऱ्या दिवशी नानांनी मॅडमसाठी बिनसाखरेचा चहा सांगितला. बोलले मात्र नाहीत.

मार्चमध्ये डॉक्टरांनी नाना गाडी चालवायला तंदुरुस्त असल्याचा कागद दिला. मॅडमनी तो दोनदा वाचून ड्रॉवरमध्ये ठेवला, कोल्हापूरची खेप नानांच्या नावावर लावली आणि दोन दिवसांची रजा टाकली. सकाळी बघते तर बाई फ्रॉकवर स्वेटर घालून, छत्री, पाण्याची बाटली आणि जपमाळ घेऊन नानांच्या गाडीपाशी उभ्या. उभी हयात त्यांनी गाड्या लावल्या होत्या, पण ट्रकमध्ये कधी पाय ठेवला नव्हता. शिवाय केबिनमध्ये पॅसेंजर दिसला तर गाडी काढून घेईन, हा नियम त्यांचाच. दोन हमालांनी खालून टेकू दिला तेव्हा कुठे त्या वर चढल्या. नानांचा चेहरा दगडासारखा झाला होता. अजून आपली परीक्षाच चालली आहे, असं त्यांना वाटणार हे उघड होतं. मलाही तसंच वाटलं आणि मॅडमचा थोडा रागही आला.

तिसऱ्या दिवशी गाडी परत आली. मॅडम नवीन कोल्हापुरी चपला घालून, कमरेवर हात दाबत उतरल्या आणि खुर्चीत बसून म्हणाल्या, "कोल्हापूर लाइन नानांची." पुढच्या नाताळला त्यांनी केक बंद केले. ड्रायव्हर हिरमुसले, भांडले, पण त्या बधल्या नाहीत. "माणूस भेट घेऊन येतो आणि मी त्याचा पेपर तपासते. हे चांगलं नाही," म्हणाल्या. त्याऐवजी त्यांनी सरळ दर वर्षी सगळ्यांचे डोळे तपासून घ्यायची पद्धत पाडली. ती आजही चालू आहे.

मागच्या वर्षी मॅडम रिटायर झाल्या. निरोपाच्या दिवशी गोदामात खुर्च्या मांडल्या होत्या. शेठ बोलले, मी बोलले, आणि मग न सांगता नाना उठले. भाषणाची त्यांना सवय नव्हती. ते म्हणाले, "मॅडम माझ्या गाडीतनं कोल्हापूरला आल्या होत्या. तुम्ही सगळे म्हणता, माझी परीक्षा घ्यायला आल्या. अहो, खंडाळ्याला चढताना त्यांनी जे डोळे मिटले ते घाट संपल्यावर उघडले. खंबाटकीला तेच. येताना तेच. हातात माळ, आणि डोळे गच्च. मी म्हटलं, मॅडम, बघा तरी मी कसा चालवतो. तर म्हणाल्या, तुम्ही बघा, ते तुमचं काम आहे." गोदाम हसण्याने दणाणून गेलं. मॅडम लाल झाल्या आणि रुमालाने चष्मा पुसत बसल्या.

संध्याकाळी त्यांना सोडायला मी टॅक्सीने गिरगावला निघाले. मला राहवेना. विचारलं, "मॅडम, डोळे मिटूनच बसायचं होतं तर गेलात कशाला? तपासलं काय तुम्ही?"

"तपासायला कोण गेलं होतं?" त्या म्हणाल्या. "डोळे डॉक्टरने तपासले होते. पण डॉक्टरला चुकता येतं ना. गाडी मी लावली होती, सुजाता. घाटात काही झालं असतं, तर मी इथे खुर्चीत बसून फोन घ्यायचा का?"

मग बाहेर बघत म्हणाल्या, "फार भीती वाटली गं."

त्यांच्या खुर्चीत आता मी बसते. गाड्या लावते, शिव्याही देते, त्यांच्याइतक्या जमत नाहीत. पण कागदावर ड्रायव्हरचं नाव आणि पुढे गाव लिहिलं की माझा हात क्षणभर थांबतो. त्या गाडीत मी बसेन का, एवढं मी स्वतःला विचारते, आणि उत्तर हो आलं तरच सही करते.