आत्याचा खोकला
निलगिरीच्या तेलाचा वास आला की रायपूरच्या घरातली एक दिवाळी आठवते. शहर राजधानी होऊन वर्षच झालं होतं. बाबा सरकारी ऑफिसातून पार गळून घरी येत, आणि घरी त्यांची मोठी बहीण, माझी आत्या, दम्याने अंथरुणाला खिळलेली. त्यात तिच्या खाटेशी टांगलेला आमचा पोपट हुबेहूब तिच्यासारखा खोकायला शिकला होता. खोकला ऐकून गरम पाणी घेऊन धावावं, तर आत्या झोपलेली आणि मिट्ठू मान वाकडी करून आमच्याकडे पाहत असायचा. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पाटावर बसणार, तोच आतून खोकला आला. "काहून उठता? मिट्ठू असन तो," आई थकून म्हणाली. "असला तं असला, पाहून येतो," म्हणत बाबा गेले, ते आलेच नाहीत. मी पाहायला गेले, तर बाबा जमिनीवर बसून, खाटेला डोकं टेकून गाढ झोपले होते. आत्या जागी होती. पिंजऱ्यावर तिने स्वतःची शाल टाकली होती. "त्याले उठवू नको, पोट्टी," ती कुजबुजली, "पूजा होईन मंग." तेवढ्यात तिला उबळ आली. बाहेरच्या फटाक्यांनी बाबा हलले नव्हते, पण तिच्या खोकल्याने नक्की उठले असते. तिने पदराचा बोळा तोंडावर दाबून धरला. खांदे हलत राहिले, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, पण आवाज तिने बाहेर येऊ दिला नाही. मी नुसती तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. आता माझं वय बाबांच्या तेव्हाच्या वयाएवढं झालंय, आणि असं कोणी आपल्यालाही झोपू द्यावं, असं कधीकधी फार वाटतं.