उसवलेली बाही

दिवाळीनंतरच्या एका सकाळी साकोली-लाखांदूर एसटीत, माझ्या पुढच्या सीटवरच्या गृहस्थांच्या सदऱ्याची बाही खांद्यापाशी उसवली. ते बायकोसोबत मुलासाठी मुलगी पाहायला सानगडीला निघाले होते.

“सानगडीले नवाच घेतो,” ते म्हणाले.

“कायले? फाटला नाही, उसवला आहे.” बायकोने पिशवीतून सुईदोरा काढला. अंगावरचा कपडा शिवणे अशुभ, म्हणून आधी नवऱ्याच्या दातांत एक धागा दिला. “सोयरिकीचा दिवस आहे. शिवून होईस्तोवर बोलाचं नाही.”

ती स्वतः मात्र बोलत राहिली. घरातले सगळे कपडे तीच शिवत होती, रफू करत होती. “याच सदऱ्यात हे पोराच्या बारशाले बसले होते,” तिने मागे वळून मला सांगितले.

गाडी एका गावात थांबली. गृहस्थांनी खिडकीकडे बोट केले.

“हात हालवू नका, सुई टोचंल.”

त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी त्या रस्त्याला नवखा होतो. गाडी सुटली.

बऱ्याच वेळाने तिने गाठ मारून दोरा तोडला. गृहस्थांनी दातांतला धागा काढला आणि म्हणाले, “सानगडी गेली.”

कंडक्टरने घंटी मारली. दोघे धानाच्या बांध्यांपाशी उतरले आणि मागे सानगडीकडे चालू लागले. ती पुढे होती.