हमीद सर आणि अनंताचं गणित

त्या सकाळी हमीद सरांच्या मुलीचा, नसरीनचा फोन आला. “मावशी, अब्बा गेले.” एवढंच. महिना झाला, मला अजून रडू आलेलं नाही...

हमीद सर आमच्या औरंगाबादच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत. मी त्यांची विद्यार्थिनी, पुढं सहकारी. त्यांचं शिक्षण उर्दूतून झालेलं. पोलीस ॲक्शननं निजामाचं राज्य गेल्यावर तेच शास्त्र त्यांनी इंग्रजीतून, मग मराठीतून नव्यानं शिकून घेतलं. वर्गात शब्द अडला की पोरं हसायची, तेही हसायचे. ध्यास मात्र एकच. इलेक्ट्रॉनचा स्वतःच्याच क्षेत्राशी संबंध गणितात मांडला की उत्तर अनंत येतं. परदेशातल्या शास्त्रज्ञांनी ते अनंत मोजलेल्या वस्तुमानात आणि विद्युतभारात सामावून टाकलं, आणि उत्तरं प्रयोगाशी तंतोतंत जुळली. सर म्हणायचे, “जुळतंय, व्हय. पण का जुळतंय?”

वेरूळच्या सहलीत त्यांनी मला दगडी हत्तीपाशी उभं केलं. “इथून छिन्नीचे घाव दिसतात. मागं सरक. आता?”

“हत्ती.”

“घाव खोटे नाहीत, बेटा. पण हत्ती बघायला ते एकेक मोजावे लागत नाहीत. इलेक्ट्रॉनचा भारही किती जवळून बघतो त्यावर बदलतो. अनंत लपवायचं नाय, पायरी-पायरीनं मागं सरकायचं.”

यावर त्यांनी दहा वर्षं गणित केलं. मी मुंबईहून डॉक्टरेट घेऊन परतले तेव्हा त्यांनी त्याचा लेख माझ्यापुढं ठेवला. मी नुसता चाळला. मी म्हणाले, “सर, तिकडं असं कोणी करत नाही. हसतील.” त्यांनी कागद गोळा केले. “तू म्हणतेस तर राहू दे.”

काही वर्षांनी बोटीनं आलेलं जर्नल घेऊन ते माझ्या टेबलाशी आले. तीच कल्पना, कितीतरी पुढं नेलेली, दुसऱ्याच्या नावानं. “बघ, रस्ता बरोबर होता.” आवाजात राग नव्हता. रागावले असते तर... पुन्हा त्यांनी माझ्याशी भौतिकीवर शब्द काढला नाही. मीही माफी मागितली नाही. आधी लाज वाटली, मग फार उशीर झाला.

गेल्या आठवड्यात नसरीननं त्यांचं कपाट उघडलं. जाड वह्या ओळीनं लावलेल्या. “दर जूनला नवी आणायचे, मावशी.” मी एक उघडली. पहिल्या पानावर सुबक अक्षरात त्यांचं नाव, वर्ष, आणि खाली ‘अनंताचं गणित’. पुढची पानं कोरी. दुसरी उघडली... तिसरी... सगळ्या तशाच. पहिलीवर त्यांनी माझ्यापुढून कागद गोळा केले त्या वर्षाचा आकडा होता, शेवटचीवर याच वर्षाचा.